वाचलेले पैसे गेले कुठे?

आमच्या हॉस्पिटलच्या क्वालिटीच्या मीटिंगमधली एक स्लाइड मी इतक्या वेळा दाखवलीय की आता लाज वाटते. आयसीयूतली इन्फेक्शनं एवढी कमी झाली, म्हणून बेडचे एवढे दिवस वाचले, गुणिले एका दिवसाचा खर्च, झाली बचत, टाळ्या. मागच्या वेळी अकाउंट्सचे सर चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हे पैसे कुठल्या खात्यात जमा झाले तेवढं सांगा, मी एन्ट्री मारतो." सगळे हसले, मीही हसले, उत्तर मात्र नव्हतं.

कारण जमा कुठेच होत नाहीत! बेड रिकामा झाला म्हणून सिस्टरचा पगार थांबत नाही, बिल्डिंग, मशिनं, लाइट सगळं चालूच. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलचा हिशोब 1999 साली छापून आला होता, त्यात 84 टक्के खर्च फिक्स्ड निघाला, पेशंट असो नसो होणारच. खरे वाचतात ते औषधाचे, तपासण्यांचे, सामानाचे. बाकी हातात येतो तो रिकामा बेड, आणि बाहेर कोणी ताटकळत असेल तरच त्याला किंमत, नाहीतर नुसती घडी न मोडलेली चादर.

बरं, खर्चाची बाजू तर आम्ही लिहितच नाही. सगळे अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण देतात, शंभरच्या वर आयसीयू, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या, 2006 साली निकाल आला आणि इन्फेक्शनचं प्रमाण धाडकन खाली. मग म्हणायचं, चेकलिस्टला काय लागतं, एक कागद! अहो पण तिथे सगळं सामान एका ट्रॉलीत भरून ठेवलेलं होतं, डॉक्टर चुकला तर थांबवायची मुभा सिस्टरला होती, आकडे गोळा करायला माणसं होती. आमच्याकडे एका रात्री मी घड्याळ घेऊन उभी राहिले तर लाइन घालायच्या आधी सिस्टर तीन कपाटं फिरली, क्लोरहेक्झिडिन (कातडी जंतुमुक्त करायचं औषध) एकात, पेशंटवर पसरायची मोठी निर्जंतुक ड्रेप दुसऱ्यात, गाऊन तिसऱ्याच खोलीत, तोवर डॉक्टर ग्लोव्ह्ज घालून हात वर धरून उभे. अकरा मिनिटं. ती कुठल्याच हिशोबात नाहीत.

आणि श्रेय घ्यायचं तर तेही जपून. इंग्लंडने मिशिगनसारखाच कार्यक्रम राबवला तेव्हा जी आयसीयू त्यात अजून शिरलीच नव्हती तिथेही इन्फेक्शन उतरत होतं. नुसतं आधीचं आणि नंतरचं बघितलं असतं तर सगळं आपल्याच खात्यावर मांडलं असतं ना.

सगळ्यात अवघड जागेचं दुखणं म्हणजे खर्च एकाचा नि फायदा दुसऱ्याचा. इन्फेक्शन टळलं तर पेशंटचं भलं, इन्शुरन्सवाल्याचं भलं, हॉस्पिटलचं बिल मात्र कमी. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, 2008 पासून हॉस्पिटलातच झालेल्या ठराविक त्रासांचे जास्तीचे पैसे द्यायचं बंद केलं ते यासाठीच.

तर मी स्लाइड बदलली. फिक्स्ड खर्च काढला, सिस्टरचे तास घातले, माझाही पगार घातला (हे टाइप करताना जरा हात थांबला). टळलेली इन्फेक्शनं वेगळ्या ओळीत, पैशात न मोडता.

सर म्हणाले, "बचत बरीच आटली की हो."

म्हटलं, आटली. पण दोन ट्रॉल्या पाहिजेत, या कागदावर सही करा.

कागद अजून त्यांच्याच टेबलावर आहे.