आमची वाटचाल : पुढचा एक्सल आणि आमचं नाव

आमचं वर्कशॉप एकाच कामासाठी ओळखलं जातं. आयएफएसवाली (पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वरखाली होणारी) पिकअप आत येते आणि पुढे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध एक्सल, घेऊन बाहेर पडते. सुरुवातीला क्लच-ब्रेकची किरकोळ कामंही घ्यायचो, ती हळूहळू सुटली.

टोयोटाने अमेरिकेतल्या पिकअपला १९८५ च्या मॉडेलपर्यंत पुढे सॉलिड एक्सल दिला आणि १९८६ पासून आयएफएस आणलं. १९८८ च्या नव्या मॉडेलपासून शेव्हरोलेच्या पिकअपही त्याच वाटेने गेल्या. डांबरी रस्त्यावर आराम वाढला, हे मान्य. पण दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्याला एक चाक वर चढलं की दुसरं खाली दाबून धरणारा एक्सल लागतो. अशा लोकांच्या भरवशावर मी आणि मास्तरांनी शटर उघडलं.

मास्तर म्हणजे माझे पहिले भागीदार. भांडवल माझं, हात त्यांचे. आयएफएसचे ब्रॅकेट ते गॅसने कापायचे, पण ज्योत चॅसीला कधी लागू दिली नाही. शेवटचा पापुद्रा ग्राइंडरनेच काढायचा, आणि तोही चॅसीचा पत्रा पातळ न करता. मग चॅसी स्टँडवर समपातळीत घ्यायची, दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत पाट्याच्या (पट्टी-स्प्रिंगच्या) हँगरला, म्हणजे पाटा चॅसीला धरणाऱ्या ब्रॅकेटला, टॅक म्हणजे वेल्डिंगचा ठिपकासुद्धा मारायचा नाही. लेझर आला तरी मास्तरांचा तो पितळी ओळंबा आम्ही बदलला नाही. आजही तो खिळ्याला टांगलेला असतो आणि रोज खाली उतरतो.

स्टिअरिंगवर आमचा पहिल्यापासून कटाक्ष. जुन्या सॉलिड एक्सलच्या टोयोटात ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) पुढे-मागे चालायची. पाटा दबला की स्टिअरिंग आपोआप वळायचं. आयएफएसच्या बॉक्सचा आर्म मात्र आडवा फिरतो. म्हणून तोच बॉक्स ठेवून आम्ही क्रॉसओव्हर स्टिअरिंग (तो दांडा आडवा) करतो आणि बॉक्सच्या बोल्टपाशी चॅसीला आरपार स्लीव्ह (पोकळ नळी) घालतो. स्लीव्ह नसेल तर मोठ्या टायरांच्या ताणाने तिथे तडा जातो. हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून बरेच जण गाळतात.

धंदा बसला होता. मग जवळच एक वर्कशॉप सुरू झालं. आमच्या हँगरची हुबेहूब नक्कल, आमच्याहून कमी भाव, कमी दिवस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाजार सगळ्यांचा आहे. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे.

त्यांच्या गाड्या हलू लागल्या. वेगात असताना एका चाकाला खड्डा लागला की पुढचा अख्खा भाग थडथडायचा, स्टिअरिंग हातात राहायचं नाही. हँगर आमच्यासारखेच, त्यामुळे लोकांना त्यांचं काम आणि आमचं काम वेगळं दिसेना. 'सॉलिड एक्सल केला की गाडी वॉबल मारते' हे वाक्य पसरलं आणि त्याला आमचं नाव चिकटलं. ठरलेल्या गाड्या रद्द झाल्या. पार्टवाल्याने उधारी बंद केली. मास्तरांनी महिनोन्महिने स्वतःचा हिस्सा उचलला नाही. शटर कायमचं ओढायची वेळ आली होती.

त्या काळात एक माणूस हलला नाही. आमच्याकडे अगदी सुरुवातीला पिकअप करून घेतलेले एक काका. ते गाडी घेऊन यायचे, दारात उभी करायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चावी द्यायचे. ''चालवून बघा, मग बोला,'' एवढंच म्हणायचे. काकांनीच त्या दुसऱ्या वर्कशॉपची एक गाडी आमच्या वर्कशॉपमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर आणवली.

मास्तरांनी अँगल फाइंडर लावला. कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, जवळजवळ शून्य! कारण समोरच होतं. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलला ताकद पोचवणारा दांडा) सरळ यावा म्हणून पाट्याखाली पाचर घालून अख्खा एक्सल पुढे लोळवला होता. पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्ट एक्सलला जोडतो ते टोक, वर आलं, शाफ्ट खूश, पण नकलही (चाकं वळवणारे टोकाचे सांधेही) एक्सलच्या त्याच नळीला जोडलेले; तेही पुढे झुकले. मग काकांनी वजनाचा स्प्रिंगचा काटा नकलच्या आर्मला अडकवून ओढला. काटा जेमतेम हलला. नकल ज्यांवर फिरतो त्या ट्रनियन बेअरिंगला प्रीलोडच, म्हणजे आधी दिलेला दाबच, नव्हता. हे सगळं झाकायला वर थरथर दाबणारा स्टिअरिंग डॅम्पर बसवलेला.

याचा इलाज एकच. एक्सलच्या टोकाशी नकल धरणाऱ्या गोळ्याचं वेल्डिंग ग्राइंडरने कापायचं, पिनियन हव्या त्या कोनात ठेवून गोळे मागे फिरवायचे, कास्टर चार ते सहा अंशांत आणायचा आणि मग पुन्हा वेल्डिंग. दोन्ही गोळे एकाच कोनात हवेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मास्तर थोडं वेल्डिंग करून थांबायचे, नळी हाताला सोसेल इतकी निवली की पुढचा टाका. गडबड केली तर नळी वाकते. मग बेअरिंगचे शिम (पातळ चकत्या) बदलून काटा ठरल्या वजनाला आणला, पाचर फेकली, डॅम्पर काढला आणि गाडी त्याच रस्त्याने पळवली. स्टिअरिंग एका हातात धरून काका शेजारी बसलेल्या मालकाशी गप्पा मारत होते.

लोक परत आले. आमचं नाव घेऊन बोलणाऱ्यांपैकी एकानेही 'चुकलं' म्हटलं नाही. ते वर्कशॉप काही काळाने बंद पडलं, पण त्याचा शिंतोडा आमच्यावरून पुसला जायला फार काळ गेला. मनात ते अजून आहे आणि ते लिहायला मला संकोच नाही.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. मास्तर आता वेल्डिंग करत नाहीत, पण टॅक तपासायला येतात.

हे काम करून घेणार असाल तर सांगतो. एक्सल विकत घेण्याआधी डिफरेन्शियल कोणत्या बाजूला आहे ते बघा. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीचा) शाफ्ट त्याच बाजूने निघायला हवा. क्राउन-पिनियनचा रेशो (एक्सलमधल्या गिअरचं प्रमाण) पुढे-मागे एकच ठेवा. मागे ४.५६ आणि पुढे ४.१० असेल तर फोर-व्हीलमध्ये टाकताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. पाटा पूर्ण सुटल्यावर ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते जॅकवर तपासा. नोंदणीचे आणि तपासणीचे नियम चॅसी कापण्याआधी विचारून घ्या. आणि कोन मोजायचे ते इंजिन, बंपर, विंच सगळं बसवून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. रिकाम्या चॅसीवर मोजलेला कास्टर कामाचा नाही.

आमच्याकडून गाडी बाहेर पडताना कास्टर, टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते), पिनियनचा कोन आणि प्रीलोड लिहिलेला कागद मालकाच्या हातात जातो, खाली मास्तरांची सही असते. काम दुसरीकडे करून घेतलंत तरी तो कागद मागा.