पंधराव्या होलला थांबलेला चमचा

रविवारी संध्याकाळी रात्रपाळीला आले, तर आजोबा माझीच वाट बघत होते. म्हणाले, "पहाटे साडेतीनला उठवशील ना? हिदेकी खेळतोय."

तारीख होती ११ एप्रिल २०२१. मी सांगलीची, नर्सिंग केलेली. तेव्हा जपानमधल्या सेंदाई शहरात एका वृद्धसेवा केंद्रात कामाला होते. तिथे कुणालाही 'आजोबा' म्हणून हाक मारायची नाही, आडनावापुढे 'सान' लावायचं, असा नियम. इथे नाव लिहायचं नाही म्हणून आजोबा म्हणते. मनात तर तेव्हाही तेच म्हणायचे.

अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलणं सावकाश झालं होतं आणि गिळताना ठसका लागायचा. घास चुकून श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाची भीती, म्हणून पातळ काही द्यायचंच नाही. चहात, मिसो सूपमध्ये, साध्या पाण्यातसुद्धा 'तोरोमी' नावाची पूड घालून ते दाट करायचं. गिळण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं: श्वास घ्या, रोखा, गिळा, मग सोडा. त्यातलं रोखणंच आजोबांना जमत नव्हतं.

ते जमलं हिदेकी मात्सुयामामुळे. हा जपानी गोल्फपटू हातातली काठी, म्हणजे क्लब, मागे वर नेतो आणि तिथे क्षणभर थांबतो. पुतळाच जणू. मग क्लब खाली येतो. फेब्रुवारीत एकदा टीव्हीवर त्याचा फटका बघता बघता आजोबांनी डाव्या हातानं माझ्या हातातल्या चमच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हिदेकीसारखं." तेव्हापासून घास तोंडात गेला की मी हळूच "हिदेकी" म्हणायची आणि ते श्वास रोखायचे. ठसके खरोखरच कमी झाले.

हिदेकी तसा सेंदाईचा नव्हे. जन्म १९९२चा, शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरातला. चौथ्या वर्षी वडिलांनी गोल्फ शिकवायला सुरुवात केली. पण कॉलेज मात्र आमच्या सेंदाईचं, तोहोकू फुकुशी विद्यापीठ. 'फुकुशी' म्हणजे लोककल्याण; माझ्या वरिष्ठ ताईसुद्धा तिथेच शिकलेल्या. २०१० साली आशियाई हौशी स्पर्धा जिंकून त्यानं अमेरिकेतल्या मास्टर्स या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण मिळवलं, आणि जायच्या महिनाभर आधी, ११ मार्च २०११ला, भूकंप आणि त्सुनामी झाली. अशा वेळी खेळायला जावं की नाही, हेच त्याला कळेना. शेवटी गेला. त्या वर्षी चारही दिवस खेळू शकलेला तो एकमेव हौशी खेळाडू होता. आजोबांचं घर तेव्हा समुद्रानं नेलं होतं आणि ते शाळेच्या व्यायामशाळेत सतरंजीवर होते. तिथल्या टीव्हीवर त्यांनी तो पोरगा पाहिला. बाकी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढचं सगळं त्यांना पाठ होतं. २०१३ला व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी जपानमधल्या कमाईत पहिला. २०१४ला अमेरिकेत मेमोरियल जिंकली. २०१७ला जागतिक क्रमवारीत दुसरा आणि यूएस ओपनमध्येही दुसऱ्या स्थानावर. त्या ऑगस्टनंतर मात्र एकही विजेतेपद नाही. जपानच्या बायकांनी गोल्फच्या सर्वांत मोठ्या, 'मेजर' म्हणतात त्या स्पर्धा जिंकल्या होत्या, १९७७ला हिगुची आणि २०१९ला शिबुनो. पुरुषांपैकी कुणीच नाही. १९८०च्या यूएस ओपनला आओकी चारही दिवस अमेरिकेच्या निकलॉसबरोबर खेळला आणि दोन फटक्यांनी हरला; गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. नाकाजिमानं १९७८च्या मास्टर्समध्ये तेराव्या होलला १३ फटके घेतले. हे सांगताना आजोबांचा चेहरा घरातलं जुनं दुःख सांगितल्यासारखा व्हायचा.

साडेतीनला गेले तर ते जागेच. रक्तदाब बघितला, पाठीशी उशा लावून बसवलं, कानात इअरफोन घातला. मास्टर्सचा शेवटचा दिवस होता. चार फटक्यांची आघाडी घेऊन हिदेकी उतरला आणि पहिल्याच होलला एक फटका जास्त गेला. थोड्याच वेळात आघाडी एकवर आली. मला बाकीच्यांची कूस बदलायला, लंगोट बदलायला जायचं होतं, त्यामुळे सामना मी तुकड्यातुकड्यांतच पाहिला. खोलीत डोकावलं की आधी टीव्हीकडे नाही, आजोबांकडे बघायची. निम्मा खेळ झाला तेव्हा ते निवांत दिसले. आघाडी पाचवर गेली होती.

नाश्त्याची गाडी आली तेव्हा पंधरावा होल चालू होता. मऊ पेज आणि कुस्करलेला मासा. मी पहिला चमचा दिला आणि त्याच क्षणी हिदेकीचा फटका होलभोवतीच्या हिरवळीवरून सरळ पलीकडच्या तळ्यात गेला. आजोबांचं तोंड उघडलं ते ओरडण्यासाठी, आणि तोंडात पेज! माझ्या पोटात गोळा आला. "हिदेकी," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच. त्यांनी श्वास रोखला. गिळलं. सोडला. मी चमचा ट्रेमध्ये ठेवून दिला. कामात इतकी घाबरल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आघाडी आता दोनची, आणि बरोबर खेळणारा शॉफली सलग चार होल एकेक फटका वाचवत आलेला. सोळाव्याला त्याचाच चेंडू पाण्यात गेला. मला वाटलं, आजोबा खूश होतील. ते पुटपुटले, "किनोदोकु." बिचारा.

आठाच्या सुमारास दिवसपाळीच्या मुली आल्या. कोरोनामुळे ५ एप्रिलपासून सेंदाईत निर्बंध होते, एका खोलीत जमायचं नाही. म्हणून त्या मास्क लावून दाराबाहेर अंतर ठेवून उभ्या राहिल्या. इअरफोन काढून मी आवाज वाढवला. शेवटच्या होलला पुन्हा एक फटका जास्त गेला, तरी दुसऱ्या आलेल्या झालाटोरिसच्या एका फटक्यानं पुढे, चार दिवसांचे मिळून २७८ फटके. चेंडू आत पडला आणि टीव्हीवर निवेदक बोलेचना. नुसते हुंदके. जाणकार म्हणून बसले होते ते नाकाजिमा, त्याच मैदानावर १३ फटके घेतलेले.

"नाकाजिमा रडतोय," आजोबा म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे मी पुसले. दारातल्या ताईंनी तोंड फिरवलं होतं.

पाळी बदलताना द्यायची नोंद तशीच राहिली. आधी पेज पुन्हा गरम करून आणली. खुर्ची सरळ केली, हनुवटी थोडी खाली घेतली, चमचा ओठांशी नेला आणि रोजच्यासारखं म्हणाले, "हिदेकी."

आजोबा थांबले, गिळलं, श्वास सोडला. मग सावकाश म्हणाले, "आता मात्सुयामा-सान म्हणायचं."