हौदावरचा फेस

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायला बसलो आणि गाडी बेडूकसरांपुढे सरकेचना. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. सरांचं खरं नावही लिहीत नाही. आंबोलीच्या पावसात भिजलेल्या आपल्या कुठल्याही बॅचला ते सांगावं लागणार नाही.

१९८८ चा जून. मी आठवीत. हौदावर वाकलेल्या जांभळीच्या फांदीला मूठभर पांढरा फेस लटकला होता. कोणीतरी ओरडलं, "सर, जांभळीर साबणाचो फेस इलोहा!" सर यायच्या आत मी काठीने तो पाडला. पानासकट खाली चिखलात. फेस फुटला तशी आत साबुदाण्यासारखी पिवळट अंडी दिसली.

आता छडी, म्हणून मी हात पुढे केला. सरांनी तो हात उपडा केला, त्यावर ते पान ठेवलं आणि म्हणाले, "हलू नकोस." हजेरीपटाची दोरी सोडून त्यांनी पान पुन्हा फांदीला बांधलं, अगदी पाण्याच्या वर. "हे उडत्या बेडकाचं घर. मादीने मागच्या पायांनी घुसळून घुसळून केलंय. आता तू राखणदार."

मधल्या सुट्टीत रोज छत्री घेऊन उभा. फेस वरून तपकिरी पडला, पापुद्रा धरला. मला वाटलं, मेली सगळी. सर म्हणाले, "साल वाळली म्हणून फणस आत सुकतो काय?" आठवडा झाला नि एका दुपारी आतला फेस पातळ होऊन ठिबकू लागला. प्रत्येक थेंबाबरोबर एकदोन वळवळे टुपकन हौदात. मी मोजत होतो, एकेचाळीसवर चुकलो. शिपाईमामा ब्लीचिंग पावडर घेऊन आले, तर सर हौदाच्या कठड्यावर बसूनच राहिले. त्या महिन्यात आपण सगळ्यांनी पिण्याचं पाणी विहिरीवरून कळशीने आणलं, ते कोणामुळे हे आज कबूल करतो.

पुस्तकातला बेडूक म्हणजे अंडी, शेपटीवाले, पाय, संपलं. सरांचा बेडूक प्रत्येक वेळी वेगळाच निघायचा. धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावर शेपूट आपटत उड्या मारणारी पिल्लं त्यांनी भिंग लावून दाखवली. तळ्याचं नाव नाही, नुसता पाण्याचा ओघळ. झुडपातल्या चिमुकल्या बेडकाचं तर पाण्यावाचून चालतं. अंड्यातच सगळं उरकून तो बेडूक होऊनच बाहेर येतो. सर म्हणायचे, "ही पोरं दहावीला न बसता थेट कॉलेजात!" उलट चापडा साप असून अंडी घालत नाही, पिल्लंच देतो, हे ऐकून वर्गातल्या मुली आईला विचारायला घरी धावल्या होत्या.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, पहिल्या पावसात, जेमतेम बोटभर पाण्याच्या डबक्यांत, पिवळ्या पट्ट्यांचे भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे बेडूक, जमायचे. त्यांच्या पिल्लांची डबकं आटायच्या आत मोठं व्हायची घाई. सरांच्या वहीत नोंद होती, 'पिवळा पट्टेरी भेक. नाव सापडत नाही.' ते नाव २००९ मध्ये पडलं, झॅन्थोफ्रायनी टायगरिना. वाघासारखे पट्टे, म्हणून टायगरिना. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पेपर घेऊन मी सरांकडे गेलो, तर त्यांनी चष्मा पुसला नि विचारलं, "तुझे एकेचाळीस की त्रेचाळीस?"

मी पुढे रस्त्यांच्या कामात गेलो. अभियंता झालो, दोन बोगदे आणि बऱ्याच मोऱ्या नावावर आहेत. एका कामावर डंपर सड्यावर उभे करायचे ठरलं होतं. मी ते पलीकडच्या पडीक जागेत नेले, चार दिवस वाढले, वरिष्ठांचं ऐकून घेतलं. कारण कागदावर 'निचरा' असं लिहिलं. खरं कारण कोणाला सांगणार? आणि पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री घाटातून येताना टायरखाली जे चुरडतं, त्याला मीच रुंद केलेला रस्ता कारण आहे, हेही मला माहीत आहे.

मागच्या वर्षी शाळेत डोकावलो. हौद गेला. तिथे काळी टाकी आहे, झाकणाची. झाकण काढा असं म्हणणार नाही, डासांचं मलाही कळतं. पण जांभूळ अजून उभी आहे. तिच्या खाली एक उघडा हौद बांधू या, आठ बाय पाच, खोली दोन फूट, फांदी पाण्यावर येईल असा. आराखडा मी काढून ठेवलाय. खर्च माझा. फक्त जूनच्या आधी सांगा.