पानशेतचा शनिवार-रविवार: आधी पायी, मग गाडीनं

शुक्रवार, रात्र

फेब्रुवारी संपत आला की पानशेतच्या पाठीमागचे माळ फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणाऱ्या, गाड्यांसाठी तयार होतात. चढांवरचा मुरूम सुटलेला असतो, ओढे घोट्याएवढे उरलेले असतात आणि धरणाचं पाणी रोज थोडं मागं सरकत असतं. पाण्याखालून मोकळी होणारी जमीन जलसंपदा विभागाची. तिथं शेतकरी गाळपेर करतात, हरभरा-भाजीपाला घेतात, त्यामुळं तिकडं चाक घालायचं नाही. ज्याची खासगी जमीन आहे त्याला आधी विचारायचं, गावात पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं, आणि मुक्काम कुठं, किती गाड्या, किती माणसं हे सांगून ठेवायचं. जंगल खात्याच्या हद्दीत आणि सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, गाडी नेऊच नये. कातळावरची माती बोटभर जाडीची असते, चाकाखाली एकदा उखडली की पावसाळ्यातली फुलं त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं येत नाहीत.

एकट्या गाडीनं जायचं नाही, किमान दोन हव्यात. आज रात्रीच सामान काढून ठेवलंय: स्टेपनीत हवा, हवा मोजायचा गेज, बारा व्होल्टचा कंप्रेसर, ओढायचा ताणणारा दोर, पावणेपाच टन पेलणाऱ्या दोन शॅकल (दोर अडकवायच्या पिनेच्या कड्या), फावडं, पहार, जाड हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. धरण समोर असलं तरी ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

शनिवार, दुपार

खडकवासल्यावरून येणारे सरळ पानशेतला, नसरापूर-वेल्हे बाजूनं येणारे पाबे घाटानं. डांबर संपलं की पहिलं काम हवा कमी करण्याचं. फोर बाय फोरपेक्षा याच कामाचा फरक जास्त पडतो असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावर ३२-३३ पीएसआय असते. खडकाळ वाटेला २४ वर आणायची, म्हणजे टायर दगडाला धरून चालतो. गाळात किंवा भुसभुशीत मातीत २० वर. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात, पण तो खरा वाढतो लांबीत. जमिनीला टेकलेला पट्टा लांब झाल्यामुळं पकड वाढते. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नये. जोरात वळण घेतलं की टायर रिमच्या कडेवरून सुटतो. हवा कमी असताना वेग चाळीसच्या आत ठेवायचा आणि बाभळीचे काटे, तुटकी कुंपणं यांकडे डोळा ठेवायचा. टायरच्या बगलेला चीर गेली तर पंक्चरची दोरी उपयोगाची नाही, स्टेपनीच लावावी लागते.

दुसरं काम पायांचं. ज्या वाटेनं गाडी न्यायची ती आधी चालून बघायची, आणि परतायची वाटही. ओढ्याकाठचा गाळ फार फसवा असतो. वरून पांढरट, वाळलेला, भेगा पडलेला, पाय ठेवला तर टणक. पण पहार मारली की चार-पाच इंचांवर लोण्यासारखा चिखल लागतो. टाच जोरात दाबायची आणि थांबायचं: ठशात पाणी पाझरलं तर तिथं दीड-पावणेदोन टनांची गाडी जाणार नाही. मालकाला विचारायचं, "मामा, तुमचा ट्रॅक्टर कुठनं उतरतो?" तो दाखवेल तीच वाट. त्याच्या बांधावर चाक चढवायचं नाही.

चढाला फोर-लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त), दुसरा गिअर, एकाच लयीत. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत. पुढचं चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग झटक्यानं फिरतं आणि अंगठा मोडतो. मध्येच गाडी बंद पडली तर वळवायचा प्रयत्न अजिबात नको, आडवी झालेली गाडी उतारावर लोळते. पायाचा ब्रेक घट्ट, क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, इंजिन सुरू करायचं, क्लच सोडत गिअर धरू द्यायचा, मगच ब्रेकवरून पाय हळूहळू उचलायचा आणि क्लच पूर्ण सोडायचा. गाडी रिव्हर्स गिअरच्या धाकात सरळ रेषेत मागं येते. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून मागं येणं म्हणजे गाडी मोकाट सोडणं. उतरतानाही तेच: फोर-लो, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही.

तिरक्या कोपऱ्यांवरची दोन चाकं हवेत गेली की नव्या थार आणि जिम्नीत ब्रेकच्या मदतीनं गरगरणारं चाक धरलं जातं आणि ताकद दुसऱ्या बाजूला जाते. त्याला एक-दोन सेकंद लागतात, खरखर आवाज येतो. बहुतेक जण नेमक्या त्याच वेळी घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. सोडायचा नाही, वाढवायचाही नाही, तेवढाच धरून ठेवायचा. गुरखा गाडीत लीव्हरनं डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांत ताकद वाटणारा, ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) लॉक करता येतं, ते अडकायच्या आधी लावायचं. जुन्या जिप्सीत यातलं काहीच नाही, पण ती इतकी हलकी असते की पुष्कळदा मधूनच निघून जाते.

रुतलीच तर चाकं फिरवत बसू नये, दर फेऱ्याला गाडी खाली बसते. डिफरन्शियलचा गोळा मातीला टेकला की चारही चाकांना फोर बाय फोर असून उपयोग नसतो. आधी फावडं: चारही टायरपुढं उतरती चर, पोटाखालची माती मोकळी. हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी. अर्ध्या वेळा गाडी एवढ्यावरच बाहेर येते. नाहीच आली तर दोर. तो कंपनीनं चेसिसला दिलेल्या हुकालाच बांधायचा. ट्रॉली ओढायच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला तर काच फोडून आत येतो. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं घ्यायची, नाहीतर ताणानंतर निघत नाही. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीच्या पलीकडं पाठवायचं. ट्रॅक्टरवाले दादा साखळी आणतात. साखळी दोरासारखी ताणत नाही, म्हणून झटका न देता संथ ओढायला सांगायचं, आणि पैसे आधी ठरवायचे.

शनिवार, रात्र

तंबू पाण्यापासून लांब, थोडा उंचावर. खोलगट जागी पहाटे थंड हवा साचते आणि दव पडून सगळं ओलं होतं. तंबूच्या वरची झडप थोडी उघडी ठेवली तर आत घाम धरत नाही. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा खाली एक चांगली चटई घ्यावी, कारण थंडी जमिनीतून येते.

जमिनीवर शेकोटी नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम असतो, गवत कोरडं ठणठणीत आहे. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर, मोकळ्यावर, भोवतीचं गवत बाजूला करून. तंबूत शेगडी न्यायची नाही, वायूनं झोपेतच माणूस जातो. पिठलं आम्ही केलं, तांदळाच्या भाकरी गावातल्या मावशींकडून सांगून घेतल्या. चार पैसे गावात राहतात, आणि तशा भाकरी आपल्याला जमतही नाहीत.

तंबूची चेन सतत लावलेली. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळं पहाटे कुणाला पोटात दुखलं, पापण्या जड झाल्या, तर जागरण-थंडीवर ढकलायचं नाही. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. हात-पाय स्थिर ठेवून १०८, आणि ज्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध आहे ते निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेवलेलं असावं. बूट सकाळी झटकून घालायचे.

रविवार, संध्याकाळ

निघताना डांबरावर यायच्या आधी टू-एचवर, म्हणजे फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या जागी, लीव्हर आणायचा. कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) वळणं घेतली की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि लीव्हर निघत नाही. जोर लावू नये. सरळ रेषेत काही फूट रिव्हर्स घेतलं की पीळ उतरतो, लीव्हर अलगद येतो. मग हवा भरायची, इंजिन चालू ठेवूनच, नाहीतर कंप्रेसर बॅटरी खाऊन टाकतो.

डिझेलगाडी वाळक्या गवतावर उभी करायची नाही. धुरातली काजळी अडवणारी जाळी ती काजळी जाळून स्वतःला साफ करते तेव्हा खालचा भाग भयंकर तापतो. पोटाखाली अडकलेलं गवत हातानं काढायचं, गाडी गार झाल्यावर.

घरी येताना ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरलं तर लगेच अलाइनमेंटला पैसे घालू नयेत. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असतो, तो पाण्याच्या जोरानं धुतला की थरथर जाते. चाकांचे नट पान्यानं तपासायचे. एअर फिल्टर काढून झटकायचा, हवेच्या फवाऱ्यानं मारायचा असेल तर आतून बाहेर. ओढा खोल असेल तर डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघायचं. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलूनच गाडी चालवायची. सोमवारी सकाळी टायर गार असताना हवा परत मोजायची, रस्त्यावर तापलेल्या टायरमधला आकडा दोन-तीन पीएसआयनं जास्त दिसतो.