उणे नऊ टक्के

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला संशोधन पद्धती शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली आहेत. तरी वर्गातल्या ६४ जणांपैकी उणे सहा जण खोटे बोलले, असे उत्तर फळ्यावर लिहिण्याची वेळ माझ्यावर त्या एकाच दिवशी आली.

विषय नेहमीचाच होता. निवडणुकीनंतरच्या सर्वेक्षणांत ‘मी मतदान केले’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्ष मतदानाच्या टक्केवारीपेक्षा बहुधा जास्त भरते, हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समोरच्या माणसाच्या नजरेत आपण उणे ठरू नये, या इच्छेने लोक उत्तर सावरून देतात. मी सुरुवातीला सरळच विचारले की मतदान न करता केल्याचे कोणी कधी सांगितले आहे का. तीन हात वर आले आणि त्यांपैकी एक अर्ध्यावरच खाली गेला.

मग मी यादी-प्रयोग मांडला. ज्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला माणूस संकोचतो, तो थेट न विचारण्याची ही युक्ती आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या लोकांना चार निरुपद्रवी विधाने द्यायची, उरलेल्यांना तीच चार आणि पाचवे संकोचाचे विधान द्यायचे, आणि कोणती विधाने लागू पडतात हे न विचारता किती लागू पडतात एवढाच आकडा लिहून घ्यायचा. एकेका माणसाचे गुपित त्याच्यापाशीच राहते, पण दोन गटांच्या सरासरींतील फरक पाचव्या विधानाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण सांगून जातो. अमेरिकेत १९९१ साली झालेल्या एका सर्वेक्षणात, शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले तर राग येईल का, हे याच पद्धतीने तपासले गेले. दक्षिणेकडील गोऱ्या लोकांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के निघाले. हा आकडा सांगितला की वर्ग नेहमी शांत होतो, आणि खरे सांगायचे तर त्या शांततेची मला थोडी सवयच लागली होती.

आमच्या वर्गासाठी पाचवे विधान ‘मतदान न करता केल्याचे मी सांगितले आहे’ हे होते. कागद गोळा झाले. चार विधानांच्या गटातील ३२ जणांची बेरीज ७३, म्हणजे सरासरी २.२८, पाच विधानांच्या गटातील ३२ जणांची बेरीज ७०, म्हणजे सरासरी २.१९. फरक उणे ०.०९. विधान एकाने वाढले आणि सरासरी कमी झाली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, हे उणे नऊ टक्के म्हणजे नेमके कोण?” सगळा वर्ग हसला आणि मीही हसले, पण माझे लक्ष लॅपटॉपवरच्या फाईलकडे गेले होते. मागच्या तुकडीत हाच फरक अधिक ०.२१ असा देखणा आला होता. ‘आज वेळ कमी आहे, मागच्या वर्षीची आकडेवारी पाहू’ हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते.

ते मी बोलू शकले नाही, कारण आदल्याच आठवड्यात मी याच वर्गाला एका मागे घेतलेल्या लेखाची हकिगत सांगितली होती. समलिंगी विवाहाबद्दल दारोदार जाऊन केलेल्या संभाषणाने लोकांची मते दीर्घकाळ बदलतात, असा दावा करणारा हा लेख डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात छापून आला आणि मे २०१५ मध्ये मागे घेण्यात आला. डेव्हिड ब्रूकमन, जोशुआ कल्ला आणि पीटर अ‍ॅरोनाऊ या संशोधकांना त्याच धर्तीवर पुढचे काम करायचे होते, आणि ते करताना मूळ आकडे त्यांना संशयास्पद वाटले. लोकांच्या उत्तरांत एरवी जो खडबडीतपणा असतो, तो त्या आकड्यांत नव्हता. शिवाय विश्लेषणाची योजना आधी लिहून पाकिटात बंद करण्याचा नियमही मीच वर्गाला लावला होता. पाकीट टेबलावरच होते. कोणता कागद बाद धरायचा, हे निकाल पाहिल्यानंतर ठरवण्याची सोय मी स्वतःच बंद करून ठेवली होती.

म्हणून उणे ०.०९ फळ्यावर तसेच ठेवले आणि असे का झाले असावे, हे वर्गालाच विचारले. त्यापुढची चाळीस मिनिटे मी जवळजवळ काहीच शिकवले नाही. एकीने सांगितले की शेजारणीच्या कागदावर एक ओळ कमी दिसली तेव्हाच तिला डाव कळला होता. मग एरवी कधी न बोलणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “मॅडम, पहिली चार वाक्ये अग्रलेख वाचणे, सभेला जाणे अशी होती आणि पाचवे एकदम खोटेपणाचे. ते वाचल्यावर माझा हात आखडला आणि मी खरा आकडा न लिहिता एक कमी लिहिला.” पाचव्या विधानाच्या नुसत्या उपस्थितीने आधीच्या चारांची उत्तरे बदलू नयेत, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे, आणि ते मोडले आहे का हे पाहण्याची कसोटी ग्रॅम ब्लेअर आणि कोसुके इमाई या अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडली. ती मी दरवर्षी दहा मिनिटांत उरकत असे. परीक्षेत या पद्धतीचे ‘गुण व दोष’ विचारले की मुले ती चार ओळींत उतरवत असत. त्या दिवशी मात्र स्वतःच्या कागदावर आकडा कमी करणारा माणूसच समोर उभा होता.

दुसरे कारण साध्या गणिताचे होते. आमच्या आकड्यांवरून फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने हा फरक साधारण किती हलू शकतो त्याचे माप, सुमारे ०.२२ निघाली, म्हणजे खरा फरक साधारण उणे ०.५ पासून अधिक ०.३५ पर्यंत कुठेही असू शकत होता. वर्गातले एकतृतीयांश लोक खोटे बोलले असतील किंवा एकही बोलला नसेल, या दोन्हींपैकी काहीही नाकारता येत नव्हते. साहजिकच मागच्या वर्षीचा माझा देखणा आकडाही तितकाच कच्चा ठरला. तो मी दोन व्याख्यानांत पुरावा म्हणून दाखवला होता, हे वर्गासमोर सांगताना मला बराच संकोच वाटला. हात वर करून विचारले असते, तर कदाचित मीही अर्ध्यावरच खाली घेतला असता.

मागच्या वर्षीएवढा फरक भरवशाने पकडायचा तर किती लोक लागतील, हे दोघांनी तिथेच काढले. प्रत्येक गटात सुमारे ३२०, म्हणजे एकूण ६४० निघाले. आमच्या विभागात तेवढे विद्यार्थी नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी विधाने नव्याने लिहिली, खोटेपणाच्या वाक्याला सोबत म्हणून तसेच थोडे अडचणीचे आणखी एक वाक्य पहिल्या चारांत घातले, आणि इतर विभागांत सर्वेक्षण करण्याच्या परवानगीसाठी नैतिकता समितीकडे द्यायचा अर्ज माझ्या सहीसाठी आणला. अर्जासोबत त्यांचे बंद पाकीटही होते, आणि त्यावर ‘निकालाआधी मॅडमनीही उघडू नये’ अशी सूचना लिहिलेली होती.