वाकलेलं ऑलिव्हिन

दगडाच्या स्लाइड बनवणं हे माझं काम. नागपूरच्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत. दगडाचा काप काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि 0.03 मिलिमीटरवर येईस्तोवर घासायचा. तेव्हा कुठे त्यातून उजेड आरपार जातो. लोकांना वाटतं हे सगळं यंत्र करतं. यंत्र काप काढून देतं, शेवटची जाडी हातालाच कळते.

परवा आला तो दगड रियुनियन बेटाचा होता. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी हे फ्रान्सचं बेट आहे. तिथल्या पितों द ला फुर्नेज ज्वालामुखीचा एप्रिल 2007 मध्ये मोठा उद्रेक झाला, त्यातल्या लाव्हाचा हा तुकडा. आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीला तिथल्या अभ्यासकांकडून रीतसर मिळालेला. पिशवीवर ठिकाण, तारीख, उंची, सगळं नीट लिहिलेलं. आमची पोरं पिशवीवर ‘दगड 3’ लिहून मोकळी होतात आणि सहा महिन्यांनी मलाच विचारायला येतात की हा कुठला.

तिला स्लाइड संध्याकाळपर्यंत हवी होती. मी नाही म्हटलं. दगड बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, त्यात ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे हरभऱ्याएवढे हिरवे स्फटिक. असा दगड तसाच घासला तर स्फटिक निखळतात आणि स्लाइडवर खनिजापेक्षा भोकंच जास्त राहतात. हॉटप्लेटवर काप गरम करायचा, पातळ केलेलं अ‍ॅरल्डाइट त्यात मुरू द्यायचं, रात्रभर ठेवायचं. मग काचेच्या पाटीवर कार्बोरंडमची पूड, आधी 400 नंबरची, मग 600, शेवटी 1000. ऑलिव्हिन कडक, भोवतालचा काचेसारखा भाग त्या मानाने मऊ. जोर दिला की मऊ भाग आधी झिजतो, स्फटिक उंच राहतो आणि पुढच्या फेरीत उडतो. म्हणून शेवटी नुसत्या बोटांच्या वजनावर घासायचं आणि दर थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. ध्रुवित उजेडात प्लॅजिओक्लेज ह्या खनिजाचा पिवळा रंग जाऊन राखाडी-पांढरा आला की थांबायचं. त्यानंतर दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी कड गेलीच समजा. सरावाशिवाय हे येत नाही आणि सरावाला वेळ द्यायची आता कोणाची तयारी नाही.

स्लाइड उत्तम झाली. शेजारी मी सीताबर्डीच्या टेकडीच्या बेसॉल्टची जुनी स्लाइड ठेवली. तिच्यात प्लॅजिओक्लेजच्या बारीक काड्या, मध्ये ऑजाइट नावाचं गडद खनिज आणि काळपट काच. ऑलिव्हिन शोधावं लागतं आणि सापडलंच तर सडून हिरवट-तपकिरी झालेलं. रियुनियनच्या स्लाइडमध्ये मात्र ताजे मोठे स्फटिक, ध्रुवित उजेडात गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगांत पेटलेले. एका स्फटिकावर मी थांबलो. सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की ठरावीक कोनात अख्खा स्फटिक एकदम काळा व्हायला हवा. हा पट्ट्यापट्ट्याने काळा होत गेला, आणि पट्ट्यांच्या कडा सरळ रेषेत.

म्हणजे स्फटिक वाकला होता. वाहत्या लाव्हात स्फटिक असा वाकत नाही. त्यासाठी घट्ट दाबून धरणारं काहीतरी लागतं. ऑलिव्हिन जड असतं. न ढवळलेल्या सरबतात साखर तळाशी बसावी तसं ते शिलारसाच्या तळाशी बसत जातं. तिथे त्याचे ढीग होतात, आणि वरचा सगळा डोंगर त्या ढिगांवर. ह्याच ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर, ग्रां ब्रुले भागात 1985 साली सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा खाली असलेच ऑलिव्हिनचे जाड थर लागले. 2007 च्या उद्रेकाने ह्या ढिगातलेच स्फटिक ओढून वर आणले. रस पायथ्याजवळ, जेमतेम 600 मीटर उंचीवर फुटला आणि भराभर समुद्रात वाहून गेला. खालचा आधार गेल्यावर माथ्यावरचं दोलोमियू विवर 300 मीटरहून जास्त खचलं. डोंगराची पूर्वेची बाजूही समुद्राकडे मीटरभराहून जास्त सरकली. पर्यटक आज ज्या खोल विवराच्या काठावर उभे राहतात, ते ह्या उद्रेकाने घडवलेलं आहे.

दुपारी त्या विद्यार्थिनीची आई डबा घेऊन आली. काकू मंडळासोबत मॉरिशसला गेल्या होत्या, तिथून रियुनियनलाही. मी बोलावलं आणि त्यांना दोन्ही स्लाइड दाखवल्या. त्यांनी मोबाइलवरचे फोटो दाखवले. सिलाओस, सालाझी, माफात ह्या तीन प्रचंड दऱ्या. गाइडने सांगितलं होतं की ही तीन ज्वालामुखींची तोंडं आहेत. हे ऐकलं की मला राग येतो. माणसं एवढा पैसा खर्चून जातात आणि त्यांना काहीही सांगून पाठवतात. ही तोंडं नव्हेत. पितों दे नेज हा 3,070 मीटर उंचीचा जुना, शांत झालेला ज्वालामुखी आतून पोखरला गेला, त्या ह्या दऱ्या. आतल्या उष्ण पाण्याने खडक मऊ केला. सिलाओसला गरम पाण्याचे झरे आजही आहेत. मऊ खडकाचे कडे ढासळले आणि पावसाने तो गाळ समुद्रात नेला. पाऊस कसा, तर जानेवारी 1966 मध्ये बेटावरच्या फॉक-फॉकला 24 तासांत 1,825 मिलिमीटर. आपल्या नागपूरला वर्षभरात साधारण 1,100 पडतो.

पांढऱ्या वाळूचा किनारा त्यांना फार आवडला होता. तो पश्चिमेचा, प्रवाळाचा. तिकडे नवा लाव्हा येत नाही म्हणून प्रवाळ टिकलं. जिथे ज्वालामुखी जागा आहे त्या पूर्वेला काळे कडे.

मी म्हटलं, काकू, आपल्या सीताबर्डीचा दगड आणि हा एकाच उगमाचा मानतात. पृथ्वीच्या पोटातून उष्ण रस वर येत राहतो अशी एक तप्त जागा आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत तिच्यावर होता, तेव्हा दख्खनचा लाव्हा आला. मग भारत उत्तरेला सरकला आणि मागे लक्षद्वीप, चागोस, मॉरिशस अशी खूण सोडत ती जागा आता रियुनियनखाली आहे. सगळे शास्त्रज्ञ हे जसंच्या तसं मानत नाहीत, तेही सांगितलं.

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग दादा, आपलं नागपूर असं सपाट काऊन?”

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नाही. मी सांगितलं की इथे लाव्हा एका तोंडातून नाही, लांबच लांब भेगांमधून आला आणि थरावर थर पसरला. सह्याद्रीत तो फार जाड आहे, नागपूर म्हणजे त्याची पूर्वेची पातळ कड. थोडं पुढे कामठीकडे गेलं की वालुकाश्मच लागतो. वर कोट्यवधी वर्षांची झीज. रियुनियन अजून लहान आहे, म्हणून उभं आहे.

उत्तर बरोबर आहे, पण माझं मन त्यावर ठरत नाही. इथल्या रसातलं ऑलिव्हिन वाटेतच, पृथ्वीच्या कवचातल्या शिलारसाच्या साठ्यांत खाली बसलं, म्हणून आपल्या स्लाइडमध्ये ते क्वचितच दिसतं. म्हणजे असा ढीग आपल्याही लाव्हाने कुठेतरी खोल टाकला असणार. काकूंना मी हे सांगितलं नाही, सांगायला हवं होतं असं सारखं वाटतं.

विद्यार्थिनीने अहवालात वाकलेल्या स्फटिकावर एक ओळ लिहिली. मी काचेवर शाईने त्या स्फटिकाभोवती गोल करून ठेवलाय. सरांना म्हटलं, पहिल्या वर्षाच्या पोरांना ह्या दोन स्लाइड शेजारी-शेजारी दाखवा. अभ्यासक्रमात बसत नाही म्हणाले. प्रॅक्टिकलच्या तासाला सूक्ष्मदर्शक मीच लावून देतो. पुढच्या आठवड्यात ह्या दोन स्लाइड लावणार आहे.