वक्तशीर देशातील रिकामी घरे: तोकिवादाइरा आणि युबारी

जपानला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक टोकियो, क्योतो, हिरोशिमा आणि फुजी पर्वत पाहून परततात आणि तिथल्या वेळेवर धावणाऱ्या गाड्यांचे व स्वच्छ रस्त्यांचे कौतुक करतात. ते कौतुक रास्तच आहे. मला मात्र या वेळी जी दोन ठिकाणे पाहायची होती, ती सहल कंपन्यांच्या पत्रकांत सापडत नाहीत: टोकियोजवळची तोकिवादाइरा ही वसाहत आणि उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरचे युबारी हे एकेकाळचे कोळशाचे शहर. जपानची लोकसंख्या 2008 च्या सुमारास 12 कोटी 80 लाखांवर पोचली आणि तेव्हापासून ती उतरते आहे. 2024 मध्ये तिथे सात लाखांहूनही कमी जपानी बालके जन्मली. दर दहा माणसांत जवळजवळ तिघे पासष्टीच्या पुढचे आहेत. हे आकडे वाचून ठाऊक होते, पण अशा देशात रोजचे जगणे कसे चालते ते आकड्यांवरून समजत नव्हते.

तोकिवादाइरा ही चिबा प्रांतातल्या मात्सुदो शहरातली वसाहत 1960 च्या आसपास सरकारी गृहनिर्माण महामंडळाने उभारली. टोकियोत नोकरीला जाणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी बांधलेली ती चार-पाच मजली घरे त्या काळी आधुनिक राहणीचे प्रतीक मानली जात आणि ती मिळवण्यासाठी लोक सोडतीत नावे देत. आज चेरीच्या झाडांची ती रुंद सडक तशीच देखणी आहे, इमारतीही नीटनेटक्या आहेत, मात्र रस्त्यावर दिसणारी माणसे बहुतांशी काठी किंवा ढकलगाडी घेऊन सावकाश चालणारी आहेत. इथेच 2001 मध्ये एका घरात एका एकट्या वृद्धाचा सांगाडा सापडला. त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती. घरभाडे बँकेतून आपोआप वळते होत होते, त्यामुळे कोणाला दार ठोठावण्याचे कारणच पडले नाही. शिल्लक संपली आणि भाडे थकले, तेव्हा माणसे आली.

ही हकिकत ऐकून शेजाऱ्यांच्या निष्ठुरतेविषयी बोलावेसे वाटते, पण वसाहतीत फिरल्यावर मला तो निष्कर्ष पटेनासा झाला. तिथली माणसे अत्यंत सौजन्यशील आहेत, आणि आपला त्रास दुसऱ्याला होऊ नये हा तिथे लहानपणापासूनचा संस्कार आहे. नेमक्या त्याच संस्काराला समृद्धीने साधने पुरवली: बिले आपोआप भरली जातात, कोपऱ्यावरच्या दुकानात एकट्यापुरते जेवण चोवीस तास मिळते, नाण्यावर चालणारी यंत्रे पेयांपासून गरम सूपापर्यंत सारे देतात. कोणाकडे काही मागण्याची गरज उरली नाही, आणि ज्याला कोणाकडे काही मागावे लागत नाही तो दिसेनासा झाला तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. 2024 मध्ये घरात एकटेच असताना मरण पावलेल्यांची जपानी पोलिसांनी मोजलेली संख्या 76 हजारांच्या वर होती आणि त्यांतले 58 हजारांहून अधिक पासष्टीपुढचे होते.

तोकिवादाइराच्या रहिवासी संघटनेने त्या घटनेनंतर असे एकाकी मृत्यू शून्यावर आणण्याची मोहीम हाती घेतली. त्यांनी शेजाऱ्यांसाठी खबर देण्याची व्यवस्था केली आणि गप्पांसाठी एक बैठकीची खोली उघडली. भाचीच्या दुभाषेपणाच्या आधाराने मी तिथल्या काही आजीआजोबांशी बोललो. त्यांच्या बोलण्यातली एक अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटली: खोलीत येतात त्या मुख्यतः बायका, ज्यांनी यावे असे खरोखर वाटते ते एकटे पुरुष येत नाहीत. सारे आयुष्य कंपनीत गेले, ओळखी कंपनीतल्याच झाल्या, आणि निवृत्तीच्या दिवशी त्या संपल्या.

त्यांच्या मुलांच्या पिढीला तर ती कंपनीही लाभली नाही. 1990 च्या दशकात जमिनीचे आणि शेअर बाजाराचे फुगलेले भाव कोसळल्यावर कंपन्यांनी नवी भरती आखडती घेतली, आणि त्या दहा-बारा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेले अनेक जण कायमचे कंत्राटी कामांत अडकले. आज ते चाळिशी-पन्नाशीत आहेत. घराबाहेर पडणेच सोडून दिलेल्या माणसांची सरकारी पाहणीतली अंदाजित संख्या 14 लाख 60 हजार होती. ऐंशीच्या आईवडिलांच्या निवृत्तिवेतनावर जगणारी पन्नाशीची मुले हा तिथे स्वतंत्र चिंतेचा विषय झाला आहे.

युबारीला जाताना शिन-युबारी स्थानकावर उतरून बस घ्यावी लागते, कारण गावात जाणारा रेल्वेफाटा 2019 मध्ये बंद झाला. 1960 मध्ये इथे 1 लाख 17 हजारांच्या घरात लोक राहत. 2020 च्या जनगणनेत ते जेमतेम सव्वासात हजार उरले होते. तेलापुढे कोळसा मागे पडला, 1990 मध्ये शेवटची खाण बंद झाली, आणि नगरपालिकेने कर्जे काढून करमणुकीची उद्याने व हॉटेले चालवून पाहिली. 2006 मध्ये तिने दिवाळखोरी मान्य केली, तेव्हा फेडायचा बोजा साडेतीन हजार कोटी येनांहून जास्त होता. त्यानंतर कर वाढले, कर्मचारी निम्म्याहून कमी झाले, 171 खाटांच्या रुग्णालयाचा 19 खाटांचा दवाखाना झाला, आणि प्राथमिक शाळा एकच उरली. याच गावचे खरबूज मात्र देशभर मिरवते; 2019 च्या लिलावात दोन खरबुजांना 50 लाख येन मोजले गेले.

ज्या महापौरांनी रेल्वेफाटा बंद करण्याचा प्रस्ताव आपणहून मांडला, ते नाओमिची सुझुकी वयाच्या तिसाव्या वर्षी निवडून आले होते आणि पुढे होक्काइडोचे राज्यपाल झाले. बदल्यात बससेवा पदरात पाडून घ्यावी आणि दरीभर विखुरलेल्या लोकांना शिमिझुसावा भागात एकत्र आणावे, अशी त्यांची योजना होती. मला ती पटते. आकसत जाणाऱ्या गावाने आकसणे मान्य करून त्याची आखणी करणे, हे पुन्हा एखादे करमणूक उद्यान काढण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

माणसे बाहेरून आणावीत, हा दुसरा उपाय. टोकियोत मी मामेभावाकडे उतरलो होतो, त्या निशिकासाइ भागात भारतीय वस्ती मोठी आहे, आणि पुण्याशी नाते असलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडूनही आले. परंतु 2025 च्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी प्रथम’ म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने 14 जागा जिंकल्या. शेतांत, कारखान्यांत आणि वृद्धाश्रमांत परदेशी हात हवेत, पण ते हात असलेले कुटुंब शेजारी कायमचे राहावे की नाही, याचे उत्तर त्या देशाने अजून दिलेले नाही. मामेभाऊ कायम वास्तव्याचा अर्ज भरून ठेवूनही पुण्यातला फ्लॅट विकत नाही, तो याच कारणाने.